आधी कप उलटा कर

आधी कप उलटा कर, तोमोए-सान म्हणतात,
तोंड बघून भुलायचं नाही.
ड्रॅगन, चंद्र, काठाची सोनेरी रेघ,
हे सगळं गिऱ्हाइकासाठी.
खरं काय ते बूड सांगतं.

ताजिमी स्टेशनच्या मागे त्यांचं दुकान,
उभं राहायला दोघांपुरती जागा,
बाकी सगळी किटल्यांची.
शिकायला आलो त्याला सातवा महिना,
अजून फडक्याच्या पुढं बढती नाही.

नख फिरव कडेवरून. खरखरलं?
तिथं झिलई नाही. भट्टीत तो तिथं टेकला होता.
आता अक्षरं बघ.
लाल, हातानं काढलेली, 'नऊ' आणि 'दरी',
म्हणजे कुतानी, निदान तसा दावा तरी.
कुंचला उचलताना अक्षराला शेपूट राहतं;
शिक्क्याला शेपूट नसतं.
आणि चौकटीतलं ते 'सुख',
ते तर तीनशे वर्षं जो तो उतरवतोय.
सुखावरून तारीख ठरवायची नाही, शिराकी.

रोमन लिपीत 'निप्पॉन', तर अमेरिकेच्या जकातीसाठी,
एकोणीसशे एकवीसच्या आतला.
पुढं त्यांना आपलं नाव त्यांच्या भाषेत हवं झालं,
म्हणून 'जपान'.
माणसांचंही असंच होतं, मी म्हणणार होतो,
पण असली वाक्यं त्यांच्याकडे खपत नाहीत.
'फडकं ओलं आहे का?' त्यांनी विचारलं.

बुधवारी ओहायोहून खोकं आलं.
कुणा हॅस्किनबाईंनी वडिलांचं घर रिकामं केलेलं.
सहा कप, पाच बशा, किटलीची तोटी उडालेली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली निळी फुलं.
बुडाला लाल शिक्का:
मेड इन ऑक्युपाइड जपान.

सोपं आहे, मी म्हणालो.
सत्तेचाळीस ते बावन्न.

त्यांनी भिंग घेतलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग कप माझ्याकडे तिरका धरला.
लाल अक्षरांखाली, कातडीखालच्या शिरेसारखं
हिरवट काहीतरी:
गिफूचं एक अक्षर आणि पुढं आकडा, दोनशे सत्याऐंशी.

लढाईत भट्ट्यांची नावं काढून घेतली होती,
नुसते नंबर दिले होते.
पांढरे कप तेव्हाचे, कोठारात पडून राहिलेले.
फुलं नंतरची. शिक्का त्याहून नंतरचा.
'लिही तारीख,' त्या म्हणाल्या.
माझ्या वहीतला रकाना
एकाच सालाच्या रुंदीचा होता.

'किनुए, माझी बहीण, शिक्क्याच्या शेडमध्ये होती.
चौदा वर्षांची. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं,
तिच्या लेखी ती मुंग्यांची रांग.
उलटा शिक्का पडला की मुकादम पैसे कापायचा.
गोल बुडाला कसलं आलंय सुलट नि उलट?
पण कान डावीकडे धरायचा, असा नियम होता.'

मी सहाही कप ओळीनं पालथे मांडले,
कान डावीकडे.
चौथ्याच्या मुंग्या उलट्या चालल्या होत्या.

तिचा असेल? मी विचारलं.

त्या हसल्या. 'चाळीस पोरी होत्या शेडमध्ये.
दिवसाला दोन हजार कप. मला काय ठाऊक?'
आणि गॅसवर पाणी ठेवायला आत गेल्या.

चहा त्यांनी त्या चौथ्यातच ओतून घेतला.
मला माझा रोजचा, कान तुटका मग.

संध्याकाळी चिठ्ठी लिहायला बसलो.
'पाच कप, पाच बशा,' त्यांनी सांगितलं.
'आपल्याकडे संच पाचाचाच असतो.'
ओहायोतल्या बाई सहाचे पैसे मागतील, मी म्हणालो.
'सहाचे दे.'

किंमत लिहिली. सालाच्या रकान्यात
एक आकडा लिहून खोडला, मग तसाच सोडला.
सहावा कप आत, मोरीशेजारी,
धुऊन पालथा घातलेला,
लाल अक्षरांच्या खोबणीत पाण्याचा एक थेंब.